शटडाऊन लागण्याआधी, लागल्यावर आणि उठल्यावर: अमेरिकेत स्वतःचा ट्रक चालवणाऱ्यानं काय, कोणत्या क्रमानं करायचं

वॉशिंग्टनमध्ये खर्चाचं विधेयक अडकलं आणि पैशाअभावी केंद्राची खाती बंद पडली (यालाच शटडाऊन म्हणतात), की आमच्या डिस्पॅच टेबलावर, म्हणजे ट्रकना लोड ठरवून देतो तिथे, दोन फोन ठरलेले. एक ड्रायव्हर विचारतो, "आता स्केल, म्हणजे रस्त्यावरचे वजनकाटे, बंद असणार ना?" दुसरा मालच हलणार नाही असं धरून आठवडाभर ट्रक उभा करून ठेवतो. पहिला दंड भरतो, दुसऱ्याचा हप्ता थकतो. मी पुण्यातून रात्रपाळीत तिकडच्या छोट्या कॅरियरचं (माल वाहणाऱ्या कंपन्यांचं) डिस्पॅच आणि हिशेब बघतो. शटडाऊनच्या दिवसांत रस्ता चालूच असतो. अडकतात त्या सह्या, शिक्के आणि चेक. तयारी त्या तीन गोष्टींची करायची.

हे स्वतःच्या अथॉरिटीवर (मालवाहतुकीच्या केंद्रीय परवान्यावर) एक-दोन ट्रक चालवणाऱ्यांसाठी आणि त्यांचं काम इथून बघणाऱ्यांसाठी आहे. कंपनीच्या ट्रकवर पगारी असाल तर फक्त पाचवा आणि सहावा टप्पा वाचा.

केंद्र सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणून तयारी ऑगस्टअखेर सुरू करायची. तात्पुरती मुदतवाढ मिळाली असेल तर ती संपायच्या महिनाभर आधी. किती दिवसांचा हिशेब धरायचा? २०१८-१९ चा शटडाऊन ३५ दिवस चालला. २०२५ चा १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, म्हणजे ४३ दिवस. सहा आठवडे धरा.

टप्पा १: नेमकं कुठलं खातं बंद पडतंय ते बघा

"सरकार बंद" हा शब्दच फसवा आहे. केंद्राचा वार्षिक खर्च बारा वेगवेगळ्या विधेयकांतून मंजूर होतो. त्यातली काही मंजूर असली तर ती खाती नेहमीसारखी चालतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकार उघडलं तेव्हा शेती खातं, सैनिकी बांधकाम आणि माजी सैनिकांचं खातं यांना ३० सप्टेंबर २०२६ पर्यंतचा पैसा मिळाला, बाकी बहुतेकांना फक्त ३० जानेवारी २०२६ पर्यंतचा. म्हणजे माजी सैनिकांच्या हॉस्पिटलला जाणारा लोड आणि दुसऱ्या एखाद्या खात्याच्या गोदामाला जाणारा लोड, दोन्ही "सरकारी" असले तरी धोका सारखा नाही.

प्रत्येक खातं शटडाऊनमध्ये कोण कामावर राहणार आणि कोण घरी जाणार याचा आराखडा स्वतःच्या संकेतस्थळावर टाकतं. दहा-बारा पानं असतात, तीच वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे स्क्रीनशॉट बहुतेक वेळा मागच्या शटडाऊनचे असतात.

ट्रकवाल्याच्या कामाचं तेवढं सांगतो:

- एफएमसीएसए, म्हणजे ट्रकवाहतुकीच्या सुरक्षेचे नियम बघणारी केंद्रीय संस्था, चालू राहते. तिचा पैसा हायवे ट्रस्ट फंडातून येतो, म्हणजे तुम्ही डिझेलवर भरलेल्या करातून. अथॉरिटी, विम्याचं फायलिंग, ड्रग-अल्कोहोल क्लिअरिंगहाऊस (ड्रायव्हरांच्या नशा-चाचण्यांची नोंद), ईएलडीचे (ड्रायव्हिंगचे तास नोंदवणाऱ्या यंत्राचे) नियम, सगळं जागच्या जागी.
- स्केल आणि रस्त्यावरची तपासणी राज्यांचे लोक करतात. ते पगारावर असतात आणि रस्त्यावरही असतात. इंग्रजी येत नसेल तर आउट ऑफ सर्व्हिस करण्याचा, म्हणजे जागीच ड्रायव्हिंग थांबवण्याचा, २५ जून २०२५ पासूनचा नियम त्या ऑक्टोबरातही चालूच होता.
- सीमेवर सीबीपीचे (सीमाशुल्क आणि सीमा-सुरक्षा खात्याचे) अधिकारी पगाराविना काम करतात. लारेडो असो की ओटाय मेसा, गेट उघडं असतं. मात्र २०१८-१९ मध्ये विश्वासू प्रवासी योजनांची नोंदणी केंद्रं बंद होती. फास्ट कार्ड (सीमा लवकर ओलांडू देणारं ड्रायव्हरचं ओळखपत्र) संपत आलं असेल तर आधीच हलवा.
- मांस तपासणारे शेती खात्याचे निरीक्षक कामावर असतात, त्यामुळे रीफरचं (थंड ट्रेलरचं) काम बंद पडत नाही.
- टपाल खातं स्वतःच्या कमाईवर चालतं. टपालाचे लोड "सरकारी" म्हणून सोडून देणारे दरवेळी भेटतात. सोडू नका.
- एसबीएची (छोट्या धंद्यांना मदत करणाऱ्या केंद्रीय संस्थेची) नव्या कर्जांची हमी थांबते. कंटेनरच्या डिटेन्शन-डेमरेजच्या (कंटेनर जास्त दिवस अडकल्याबद्दल लावलेल्या आकाराच्या) तक्रारी घेणारं फेडरल मेरिटाइम कमिशनही बंद पडतं. ड्रेएजवाल्यांनी (बंदरातून कंटेनर वाहणाऱ्यांनी) पावत्या आणि फोटो जपून ठेवावेत, तक्रार नंतर करता येते.

सावधान: शटडाऊन म्हणजे आणीबाणीची घोषणा नाही. वादळ-पुरात ड्रायव्हिंगच्या तासांची सूट मिळते, तशी इथे मिळत नाही. ११ तास ड्रायव्हिंग आणि १४ तासांची खिडकी तशीच.

टप्पा २: गेल्या नव्वद दिवसांच्या बिलांचे तीन ढीग करा

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात, आणि पुढचे सगळे निर्णय याच्यावरच उभे असतात.

पहिला ढीग: पैसे थेट सरकारी खात्याकडून येतात. एक-दोन ट्रकवाल्यांकडे हा बहुधा रिकामाच असतो.

दुसरा ढीग: पैसे ब्रोकरकडून येतात, पण ब्रोकरच्या मागचा ग्राहक सरकार किंवा सरकारचा ठेकेदार आहे. खरा धोका इथे, आणि तो दिसत नाही, कारण रेट कॉनवर (लोड आणि भाडं पक्कं करणाऱ्या कागदावर) ब्रोकरचं नाव असतं. बीओएल (मालासोबतची पावती) काढा आणि डिलिव्हरीचा पत्ता वाचा. लष्करी तळ, डेपो, केंद्रीय तुरुंग, राष्ट्रीय उद्यान, नासाचं केंद्र, लष्कराच्या अभियंत्यांचं धरणाचं काम, असा पत्ता दिसला की तो कागद दुसऱ्या ढिगात.

तिसरा ढीग: बाकी सगळं, म्हणजे किराणा, सुटे भाग, कागद, बांधकामाचा माल. हा बराच सुरक्षित, पण पूर्ण नाही. नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला गरिबांच्या अन्नमदतीचे पैसे अडकले होते. कार्डात पैसे नसले की लोक किराणा कमी घेतात, आणि आठवडा-दोन आठवड्यांनी ते लोडमध्ये दिसू शकतं. तळाशेजारच्या गावांत आणि वॉशिंग्टनच्या आसपास दुकानांचा खप बसतो, तोही लक्षात ठेवा.

आता प्रत्येक ढिगाची रक्कम एकूण कमाईच्या किती टक्के आहे ते काढा.

तपासणी: पहिला आणि दुसरा ढीग मिळून दहा टक्क्यांच्या आत असेल तर तिसरा आणि पाचवा टप्पा नीट करा, बाकी वरवर वाचा. पंचवीस टक्क्यांच्या वर असेल तर आजपासून तिसऱ्या ढिगातले ग्राहक वाढवायला लागा. शटडाऊन लागल्यावर तेच लोड मागणारे दुप्पट होतात आणि रेट पडतो.

टप्पा ३: शिक्के लागणारी कागदपत्रं आधी उरका

क्रम महत्त्वाचा आहे. ज्याला माणसाचा हात लागतो ते पहिलं, जे यंत्र आपोआप करतं ते नंतर.

१. ट्विक कार्ड (बंदरात शिरायचं ओळखपत्र) आणि हॅझमॅटची (धोकादायक माल वाहण्याची) मंजुरी. दोन्हींना टीएसएची (वाहतूक सुरक्षा खात्याची) पार्श्वभूमी तपासणी लागते, दोन्ही पाच वर्षांनी संपतात. येत्या चार महिन्यांत संपणार असतील तर आत्ताच अर्ज टाका.

२. कर्ज. ट्रक किंवा ट्रेलरसाठी एसबीएच्या हमीचं कर्ज चालू असेल तर बँकेला एकच प्रश्न विचारा: हमीचा क्रमांक मिळाला आहे का? मिळाला असेल तर पुढचं बँकेच्या हातात. नसेल तर शटडाऊन संपेपर्यंत तुम्ही रांगेत, आणि तेवढ्यात ट्रक दुसरा कोणीतरी घेऊन जाईल. विक्रेत्याशी बोली करताना तारीख ढिली ठेवा.

३. आयआरएसकडचे (केंद्रीय कर खात्याकडचे) उतारे. कर्ज देणारा मागतो ती कर-विवरणाची अधिकृत प्रत ऑनलाइन खात्यातून आधीच उतरवून ठेवा. माणसं घरी गेल्यावर फोन कोणी उचलत नाही.

४. फॉर्म २२९०. ५५,००० पौंड किंवा त्याहून जड गाडीला लागणारा हा कर बहुतेकांनी ३१ ऑगस्टलाच भरलेला असतो. अडकतो तो नवा ट्रक घेतलेला माणूस. गाडी सप्टेंबरात रस्त्यावर आणली तर मुदत ३१ ऑक्टोबर, म्हणजे नेमकी शटडाऊनच्या मधोमध. कागदावर भरू नका, ई-फाइल करा. ती यंत्रणा चालू असते आणि शिक्का मारलेलं शेड्युल १ (कर भरल्याचा पुरावा) लवकर परत येतं. तो शिक्का नसेल तर राज्यात गाडीची नोंदणी अडकू शकते.

५. राज्यांची कामं. आयएफटीएच्या (राज्याराज्यांतल्या इंधनकराच्या) तिमाहीची मुदत ३१ ऑक्टोबर, यूसीआरची (कॅरियरच्या वार्षिक नोंदणीची) ३१ डिसेंबर. ही राज्यं बघतात, त्यांना शटडाऊनचं काही नाही. आयएफटीए चुकवलं तर ५० डॉलर किंवा कराच्या १० टक्के, यातलं जे जास्त तो दंड.

नेहमीच्या चुका: एक, २२९० वर व्हीआयएनचा (गाडीच्या ओळख क्रमांकाचा) एक आकडा चुकवणं. दोन, नवा ईआयएन (धंद्याचा कर क्रमांक) काढून दुसऱ्या दिवशी ई-फाइल करायला जाणं. तो क्रमांक यंत्रणेत दिसायला दोनेक आठवडे लागतात, आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकावर २२९० भरता येत नाही. तीन, "आयआरएस बंद आहे तर कर पुढे गेला." गेलेला नाही. २०२५ मध्ये १५ ऑक्टोबरची मुदत शटडाऊनमध्येही तशीच होती.

टप्पा ४: रोखीचा हिशेब, कागदावर

उदाहरण घेऊ. आकडे माझे, तुमचे तुम्ही घाला.

आठवड्याला २,५०० मैल, मैलाला २.१० डॉलर, म्हणजे ५,२५० डॉलर. यातले ३० टक्के दुसऱ्या ढिगातले, म्हणजे आठवड्याला १,५७५. सहा आठवडे अडकले तर ९,४५०. इथे बहुतेक जण थांबतात आणि इथेच चुकतात. शटडाऊन लागला त्या दिवशी मागच्या तीस दिवसांची बिलंही वाटेत असतात. चार आठवड्यांचे ६,३०० त्यात मिळवा. अडकू शकणारी रक्कम १५,७५०.

त्या जुन्या बिलांचा पैसा मंजूर झालेला असू शकतो, पण बिल तपासून पुढे सरकवणारा माणूस घरी असतो. आणि ठेकेदाराकडे रोख कमी पडली की तो पहिला हात ट्रकवाल्याच्या बिलावरच आखडतो.

आता खर्चाची बाजू. ६.५ मैलांच्या सरासरीनं आठवड्याला ३८५ गॅलन, ३.७५ नं धरलं तर डिझेलचे सुमारे १,४४० डॉलर. ट्रकचा हप्ता, विमा, ईएलडी, पार्किंग मिळून महिन्याला ४,१५०. घरखर्च ४,५००. दीड महिन्याला डिझेल ८,६५०, स्थिर खर्च ६,२२५, घर ६,७५०. बेरीज २१,६२५. तेवढ्या काळात सुरक्षित सत्तर टक्क्यांतून २२,०५० येतील. वर सव्वाचारशे डॉलर उरतात, त्यात एक टायर फाटला तर खेळ संपला.

मग फट भरायची कशी? माझा क्रम असा:

पहिलं, विम्याचा हप्ता बाजूला काढून ठेवा. ट्रकच्या हप्त्याच्याही आधी. वित्त कंपनीशी बोलून हप्ता पुढे ढकलता येतो. विमा तुटला की विमा कंपनी एफएमसीएसएला तीस दिवसांची नोटीस देते आणि अथॉरिटी जाते. एफएमसीएसए चालू असते, त्यामुळे ती शटडाऊनमध्येही जाते. ८० डॉलर भरून ती परत घेता येते, पण तुटलेल्या विम्याचा डाग पुढच्या प्रीमियमवर दिसतो.

दुसरं, वित्त कंपनीला हप्ता चुकायच्या आधी फोन करा. चुकल्यानंतरचा फोन आणि आधीचा फोन यांना मिळणारी उत्तरं वेगळी असतात.

तिसरं, फॅक्टरिंग, म्हणजे बिल दुसऱ्या कंपनीला (फॅक्टरला) विकून आधीच रोख घेणं. इथे मराठी पोरं सर्रास फसतात, म्हणून जरा थांबतो. "नॉन-रिकोर्स" हा शब्द वाचून वाटतं, ग्राहकानं पैसे दिले नाहीत तर नुकसान फॅक्टरचं. बहुतेक करारांत ती सूट फक्त ग्राहक दिवाळखोर झाला तरच असते. नुसता उशीर झाला तर बिल तुमच्या गळ्यात परत येतं, आणि शटडाऊनमध्ये होतो तो उशीरच. रिकोर्स (बिल थकलं की पैसे तुमच्याकडून परत) असेल तर किती दिवसांनी पैसे परत मागणार ते कराराच्या आतल्या पानावर असतं, बऱ्याचदा ६० किंवा ९० दिवस. ते पान शोधा. थेट सरकारवर काढलेली बिलं फॅक्टरला विकायला वेगळा कायदा आड येतो, ती त्याच्या नेहमीच्या करारात बसत नाहीत.

तपासणी: हातात किती दिवसांची रोख आहे, हे एका आकड्यात सांगता येतं का? "होईल काहीतरी" हा आकडा नाही.

टप्पा ५: लोड उचलण्याआधी चार प्रश्न

शटडाऊनच्या आठवड्यात दुसऱ्या ढिगातला (ब्रोकरच्या मागे सरकारी ग्राहक असलेला) लोड घेऊच नये असं मी म्हणत नाही. इतर जण घाबरून सोडतात, तेव्हा रेट कधीकधी चांगला मिळतो. पण फोन ठेवण्याआधी विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या:

१. माल उतरवून घेणारा माणूस त्या दिवशी कामावर आहे, हे कोणी आणि कधी पक्कं केलं?
२. "ग्राहकानं दिले की देऊ" असं कलम तुमच्या करारात आहे का? असेल तर सरकार उघडेपर्यंत तुमचे पैसे ब्रोकरलाही हलवता येणार नाहीत.
३. गेटवरून परत पाठवलं तर टोनू (ट्रक बोलावून लोड रद्द झाल्याची भरपाई) किती, लेओव्हर (मुक्काम पडल्याचे पैसे) किती, माल परत न्यायचा तर मैलाला किती?
४. डिटेन्शन (डॉकवर थांबावं लागल्याचे पैसे) कधीपासून आणि ते सुरू झाल्याचं कोणाला कळवायचं?

ब्रोकर म्हणाला, "तसं काही होणार नाही," तर हसून म्हणा, मग लिहून द्यायला हरकत नाही. माझ्या अनुभवात दहातले सात लिहून देतात. उरलेल्या तिघांचा लोड सोडल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

सावधान: रेट कॉनवर सही केल्यानंतर घातलेली अट ही विनंती असते. सही शेवटी करा.

टप्पा ६: गेटवर

आमच्या यादीतला एक ड्रायव्हर शुक्रवारी दुपारी एका सरकारी डेपोच्या गेटवर पोचला. पहारेकरी होता, गेट उघडं होतं, डॉकवर कोणी नव्हतं. त्यानं मला मध्यरात्रीनंतर फोन केला, मी म्हटलं थांब, सकाळी बघू. माल मंगळवारी उतरला. ब्रोकरनं डिटेन्शन नाकारलं, कारण दोन तास संपल्याचा ईमेल शुक्रवारी गेला नव्हता. ती चूक माझी. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे:

पोचल्याबरोबर गेटचा फोटो, ज्यात वेळ दिसते. पहारेकऱ्याकडून बीओएलवर आत आल्याची वेळ आणि सही; सही नाकारली तर तसं लिहा. फुकटची वेळ, बहुधा दोन तास, संपायच्या अर्धा तास आधी ब्रोकरला ईमेल. फोन केला तरी ईमेल वेगळा करा. चार तास झाले आणि कोणी आलं नाही तर ब्रोकरकडून लेखी सूचना मागा: थांबू, परत जाऊ, की जवळच्या गोदामात उतरवू? लेखी सूचना येईपर्यंत सील तोडू नका आणि माल स्वतःच्या मर्जीनं कुठेही ठेवू नका.

तळावर जायचं असेल तर आणखी एक. आत जायचा पास देणारी खिडकी कमी तास चालू शकते, म्हणून पहाटेची वेळ घेऊ नका. आणि ७ मे २०२५ पासून बहुतेक केंद्रीय इमारतींत शिरायला रिअल आयडी (केंद्राच्या निकषांचं लायसन्स) किंवा पासपोर्टसारखं दुसरं मान्य ओळखपत्र लागतं. लायसन्सच्या कोपऱ्यातला तारा बघून घ्या.

थेट ठेका असेल आणि काम थांबवण्याचा लेखी आदेश आला, तर आदेश आल्यापासूनचा प्रत्येक खर्च वेगळ्या वहीत मांडा. तोंडी "थांबा" वर थांबू नका, लेखी मागा.

टप्पा ७: सरकार उघडल्यावर

पहिले दोन आठवडे सगळे एकदम बिलं टाकतात. तुमचं बिल ढिगाच्या वर राहायला हवं असेल तर ते पूर्ण हवं: सही केलेला पीओडी (माल पोचल्याचा पुरावा), बीओएल, रेट कॉन, डिटेन्शनचे ईमेल, एकाच फाइलमध्ये आणि रेट कॉनच्याच लोड क्रमांकानं. एक कागद कमी असला की बिल परत येतं आणि रांगेच्या शेवटी जातं. शटडाऊन संपायची वाट न बघता बिल रोजच्या रोज पाठवलेलं उत्तम, कारण मुदत बिल पोचल्यापासून मोजतात.

थेट सरकारी ठेका असेल तर उशिराचं व्याज तुमच्या हक्काचं आहे. वेळेवर पैसे देण्याचा केंद्रीय कायदा स्पष्ट म्हणतो की निधी तात्पुरता नव्हता हे कारण व्याज टाळायला चालत नाही. नेहमीची मुदत बिल पोचल्यापासून तीस दिवस. मात्र हा हक्क मुख्य ठेकेदाराचा. ब्रोकरमार्फत आलात तर तुमचं व्याज तुमच्या ब्रोकर-कराराप्रमाणे, आणि तिथे बहुधा काहीच नसतं. घरी बसवलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना मागचा पगार द्यायचा कायदा २०१९ मध्ये झाला. ट्रकवाल्याच्या बुडालेल्या आठवड्यांसाठी तसं काही नाही, त्यामुळे "नंतर भरपाई मिळेल" असं सांगणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

उशीर आणि बुडवणूक यांतला फरक ओळखायला शिका. ज्या ब्रोकरचा दुसऱ्या ढिगाशी संबंधच नाही, तोही या दिवसांत "शटडाऊनमुळे" म्हणतो. त्याच्या लोडचा बीओएल काढून पत्ता बघा. माल एखाद्या सुपरमार्केटच्या गोदामात गेला असेल तर ते कारण खोटं आहे, आणि कराराची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी लेखी मागणी पाठवा. तरीही पैसे आले नाहीत तर ब्रोकरच्या ७५,००० डॉलरच्या बाँडवर (त्यानं दिलेल्या हमीवर) दावा टाका. तो बाँड सगळ्या घेणेकऱ्यांमध्ये मिळून ७५,००० चा असतो, प्रत्येकाला वेगळा नाही. ब्रोकर डबघाईला आला असेल तर एकाच वेळी बरेच दावे येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं येतं. एफएमसीएसएच्या संकेतस्थळावर त्या ब्रोकरचा बाँड कुठल्या कंपनीचा आहे ते दिसतं. तिचा दाव्याचा फॉर्म उतरवून, रेट कॉन आणि पीओडी जोडून, त्याच आठवड्यात पाठवा.